इंजिन ऑइल खातंय? जुन्या ट्रकच्या रिंगा तपासणं आणि बदलणं, मोजमापासकट

ट्रक निळा धूर सोडायला लागला, घाटात ओढेना, ऑइलपट्टी दर आठवड्याला खाली जायला लागली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “रिंगा गेल्या.” बऱ्याचदा ते खरंही असतं. पण रिंगा, म्हणजे पिस्टनच्या खाचांत बसून दाब आणि ऑइल अडवणाऱ्या कड्या, आपण होऊन जात नाहीत. धूळ, गळका नोझल (डिझेल फवारणारा), तापलेलं पाणी किंवा झिजलेला लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), यांपैकी काहीतरी त्यांना घालवतं. कारण तसंच ठेवून नुसत्या रिंगा टाकल्या तर काही महिन्यांत गाडी परत त्याच दारात उभी राहते. म्हणून या लेखात पाने फिरवण्याइतकंच वजन मोजण्याला दिलं आहे.

उदाहरणाला टाटाचं ६९७ हे जुनं इंजिन घेतलं आहे. टाटाच्या १६१२-१६१३ मॉडेलच्या पिढीतल्या गाड्यांमुळे ते बहुतेक मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेलं असतं. नावातच माप आहे: ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२८ मिमी, एकूण ५६७५ सीसी. पद्धत त्या काळच्या बाकी डिझेल इंजिनांनाही लागू होते. आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलमधून ताडून घ्या. इथे दिलेल्या मर्यादा कामचलाऊ आहेत, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअल खरं.

आधी बाहेरून तपासणी

धुराचा रंग पाहा, पण त्यावर निकाल देऊ नका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. थंड सकाळी कॉम्प्रेशन कमी असलेलं इंजिन असाच धूर देतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण ते कुठून आलं हे धूर सांगत नाही. रिंगांमधून येतं, व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) येतं, टर्बो असेल तर त्याच्या सीलमधूनही येतं. टर्बोच्या गाडीत इनटेकचा पाइप काढून आत बोट फिरवा. बोट ऑइलने निथळलं तर हेड उतरवायची घाई नको.

पेट्रोल गाडीचा एक नियम इथे चालत नाही. उतारावर पाय उचलून मग रेस दिली आणि निळा भपका आला तर गाइड गेले, असं म्हणतात. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद झाला की इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो आणि गाइडमधून ऑइल ओढलं जातं. साध्या डिझेल इंजिनात थ्रॉटलची झडपच नसते, म्हणून तो व्हॅक्यूमही नसतो.

मग ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी वाट, बघा. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, ऑइल भरायचं टोपण सैल करून नुसतं वर टेकवा. चांगल्या इंजिनावर ते जागेवर थरथरतं. रिंगा गेलेल्या इंजिनावर ते नाचतं किंवा उडून पडतं, आणि भोकातून ठोक्याठोक्याने धूर येतो. याला ‘इंजिन फुंकतंय’ म्हणतात. धूर एका लयीत येत असेल तर एखादाच सिलिंडर वाईट असण्याची शक्यता जास्त. सतत वाफेसारखा येत असेल तर सगळेच थकलेत.

इथे मोठी फसगत होते ती ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरमुळे. त्यालाही पिस्टन आणि रिंगा असतात, आणि त्याच्या रिंगा गेल्या की दाबाची हवा थेट इंजिनाच्या पोटात येते. ब्रीदर फुंकतो आणि दोष मुख्य रिंगांवर जातो. तपासणी सोपी आहे. गाडी सपाटीवर उभी करून चाकांखाली ठोकळे लावा. हवेच्या टाकीचा नळ उघडून खाली पांढरं फडकं धरा. काळं ऑइल उडालं तर कॉम्प्रेसर संशयित. मग इंजिन बंद करून कॉम्प्रेसरचा डिलिव्हरी पाइप सोडा आणि पुन्हा सुरू करा. बिनदाबाने चालताना ब्रीदरचा धूर स्पष्ट कमी झाला तर आधी कॉम्प्रेसरचं काम करा. खर्च निम्म्याहून खाली येतो.

ऑइल किती जातंय हे अंदाजाने सांगू नका. पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, १००० किमी चालवा, परत त्याच खुणेपर्यंत भरताना मापाने मोजा. गाडी लिटरला साडेचार किमी देत असेल तर १००० किमीला साधारण २२० लिटर डिझेल लागतं. डिझेलच्या अर्धा टक्का, म्हणजे साधारण १.१ लिटरच्या आत ऑइल गेलं तर जुन्या इंजिनाला ते चालतं. एक टक्क्याच्या वर, म्हणजे सव्वादोन लिटरहून जास्त गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर ते आत जळतंय. उलट पट्टीवर ऑइल वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर नोझल किंवा पंप गळतोय. ते डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि रिंगा कोरड्या घासतात. हे कारण सर्रास निसटतं.

एक धोका आधीच सांगितलेला बरा. ब्रीदरचा पाइप इनटेकला जोडलेला असेल, इंजिन जोरात फुंकत असेल आणि ऑइल जास्त भरलेलं असेल, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटू शकतं. तेव्हा डिझेल बंद करून उपयोग होत नाही. हवेचं तोंड जाड फळीने बंद करायचं. हाताने किंवा फडक्याने कधीच नाही.

कॉम्प्रेशन आणि हवा-गळती

कॉम्प्रेशन घेताना बॅटरी पूर्ण भरलेली, इंजिन गरम, एअर क्लीनर साफ आणि सगळे नोझल काढलेले असायला हवेत. नोझलच्या जागी बसणारं अडॅप्टर आणि डिझेलसाठीचा, निदान ४० बारपर्यंतचा गेज वापरा. पेट्रोलचा गेज फुटेल. स्टॉप लिव्हर ओढून डिझेल बंद ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच, सहा-सात ठोके फिरवा. साधारण १७:१ कॉम्प्रेशनच्या या इंजिनात २४ बारच्या आसपास आकडे असतील तर तब्येत चांगली. २० च्या खाली गेलं की विचार करायची वेळ. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. सगळे २१ असलेलं इंजिन अजून काही दिवस ओढेल. पाच २४ आणि एक १७ असेल तर आत काहीतरी तुटलंय किंवा व्हॉल्व्ह जळलाय.

आता तो प्रसिद्ध उपाय: सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं, आकडा वाढला तर रिंगा गेल्या. डिझेलमध्ये हा उपाय फसवतो. एका सिलिंडरचं आकारमान ९४६ सीसी, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा जेमतेम ५९ सीसी. त्यात १० मिली ऑइल टाकलं की जागा ४९ सीसी राहते आणि कॉम्प्रेशन रेशो १७ वरून २० च्या पुढे जातो. रिंगा ठणठणीत असल्या तरी गेज वाढणारच. अति टाकलं तर ऑइल दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्यापेक्षा हवा भरून गळती ऐका. ज्या सिलिंडरचा आकडा कमी, त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (चालीच्या सर्वांत वरच्या टोकाला) आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा, आणि अडॅप्टरमधून ५ बार हवा सोडा. ९७ मिमीच्या पिस्टनवर ५ बार म्हणजे जवळजवळ पावणेचारशे किलोचा जोर. पिस्टन केसभर जरी बाजूला असेल तरी क्रँक झटक्यात फिरतो. म्हणून गाडी गिअरमध्ये, चाकांना ठोकळे, क्रँकवर पाना नाही आणि पंख्याजवळ हात नाही. मग कान लावा. ब्रीदरमधून सूं आवाज आला तर रिंगा किंवा लायनर. एअर क्लीनरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग किंवा तडा. थोडी हवा रिंगांमधून चांगल्या इंजिनातही जाते. तुलना शेजारच्या सिलिंडरशी करायची.

उतरवताना

इंजिन थंड हवं. गरम हेड सोडलं तर ते वाकतं. बॅटरी काढा, पाणी आणि ऑइल सोडा. जुनं ऑइल फेकण्याआधी फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चकाकणारे कण दिसले तर बेअरिंगही बघायची आहेत, काम नुसतं रिंगांचं नाही.

नोझल, पुशरॉड, टॅपेट ज्या नंबरचे त्याच नंबरला परत जायला हवेत. पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. ऑइलचं चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खाली घ्या. काही गाड्यांत पुढचा क्रॉस मेंबर किंवा अॅक्सल आड येतो. तिथे आडवं पडून दोन दिवस झगडण्यापेक्षा इंजिन उतरवलेलं परवडतं.

हेड निघालं की लायनरच्या वरच्या टोकाला नख खालून वर ओढा. जिथे नख अडकतं ती कड. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त आणि त्याच्यावर लायनर मूळ मापाचा राहतो, म्हणून ही पायरी तयार होते. कड कापल्याशिवाय पिस्टन वर ठोकू नका, रिंग-लँड (पिस्टनवरच्या दोन खाचांमधला पट्टा) तुटतो. आणि जुन्याच लायनरमध्ये नव्या रिंगा टाकणार असाल तर कड काढणं सक्तीचं. नव्या रिंगेची कोर चौकोनी असते. पहिल्याच रेसला ती कडेवर आपटून तुटते.

बिग एंड कॅपवर (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं झाकण) आणि रॉडवर नंबर आहेत का पाहा. नसतील तर पंचाने ठिपके मारा. रॉडच्या बोल्टना रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर बाहेर येताना ते क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसायची गुळगुळीत जागा) ओरखडतात. पिस्टन हातोड्याच्या लाकडी दांड्याने वर ढकला.

रिंगा काय सांगतात

धुण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. वरची रिंग राखाडी, मंद, उभ्या बारीक ओरखड्यांची आणि खालच्यांपेक्षा जास्त झिजलेली असेल तर धूळ हवेतून आली. एअर क्लीनर, त्याचं पॅकिंग आणि क्लीनरच्या पुढचा रबरी होज तपासा. क्लॅम्पखालची चीर वाकवल्याशिवाय दिसत नाही. ऑइल-बाथ क्लीनरमध्ये तळाशी चिखल साचून ऑइलला जागाच उरलेली नसते. खडी क्रशरवर किंवा उसाच्या फडात चालणाऱ्या गाडीला तो रोज बघावा लागतो. खालची ऑइल रिंग आणि बेअरिंग जास्त झिजली असतील तर घाण ऑइलमधून आली: फिल्टर उशिरा बदलला किंवा त्याचा बायपास उघडाच राहिला.

रिंग खाचेत चिकटून बसली असेल तर कार्बन. सतत तापणं किंवा हलक्या प्रतीचं ऑइल. लायनर आरशासारखा चमकत असेल तर इंजिन तासन्‌तास स्लोवर उभं राहिलेलं असतं. पिस्टनच्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली घासल्याची खूण असेल तर रॉड वाकडा आहे, तो जिगवर तपासा.

मोजमाप: रिंगा पुरतील की लायनर-पिस्टन लागेल

बोअर गेजने लायनर तीन उंचींवर मोजा: वरच्या रिंगेच्या वळणावर, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने आणि आडवं, अशी दोन मापं. सहा सिलिंडरांची छत्तीस मापं होतात. कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

गेज नसेल तर रिंग स्वतःच गेज आहे. नवी रिंग पिस्टन उलटा धरून लायनरच्या तळाशी सरळ ढकला, तोंडातली फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर आणून मोजा. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ ने भागलं की व्यासातली झीज मिळते. तळाशी ०.४० मिमी आणि वर १.०३ मिमी आली तर फरक ०.६३, म्हणजे झीज ०.२० मिमी. या लायनरमध्ये नवी रिंग टाकली तर क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला तिचं तोंड ०.६३ मिमी उघडणार-मिटणार, २००० आरपीएमला मिनिटात २००० वेळा. ती तुटते किंवा तिचा ताण जातो; “रिंगा टाकून सहा महिनेही झाले नाहीत” ही तक्रार इथूनच येते. ही रीत लंबगोलपणा मात्र दाखवत नाही.

झीज ०.१० मिमीच्या आत आणि लंबगोलपणा ०.०५ च्या आत असेल तर होन करून (लायनर दगडाने घासून) रिंगा चालतील. ०.१५ च्या वर लायनर-पिस्टनचा संच टाका. मधल्या पट्ट्यात गाडीचं काम आणि मालकाचा खिसा बघून ठरवावं लागतं. गाडी वर्षभरात विकायचीच असेल तर गोष्ट वेगळी.

पिस्टनच्या खाचाही मोजा. साफ खाचेत नवी रिंग धरून वरची फट तपासा. साध्या चौकोनी रिंगेला ०.०५ ते ०.१० मिमी ठीक. वरच्या खाचेत ०.१५ हून जास्त असेल तर पिस्टन बाद, कारण रिंग खाचेत वर-खाली होत ऑइल वर चढवते. वरची रिंग निमुळत्या कापाची असेल तर हे माप असं घेता येत नाही, मॅन्युअलमधली पिनची रीत वापरावी लागते. खाच साफ करायला तुटक्या रिंगेचा तुकडा चालतो, पण कार्बन निघाला की थांबा. अॅल्युमिनियम खरवडलं तर खाच मोठी होते. ऑइल रिंगेमागची भोकं एकेक करून मोकळी करा.

सामान: सहा पिस्टनचा रिंग संच, पूर्ण पॅकिंग संच, बिग एंड बेअरिंगचे सहा जोड, रॉड बोल्ट, गजन पिनच्या १२ सर्क्लिप, ऑइल, दोन्ही फिल्टर, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. ताणून बसणारे बोल्ट जुने वापरू नका. एक बोल्ट तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. हेड उतरलंच आहे तर व्हॉल्व्ह घासून घ्या आणि नोझल टेस्ट करून घ्या. नोझल न तपासता रिंगा टाकण्यात अर्थ नाही.

होन आणि धुणं

जुना लायनर ठेवणार असाल तर १८० ते २२० ग्रेडच्या दगडाने होन करा. उद्देश माप वाढवणं नाही, चमक मोडून तिरप्या रेषा पाडणं. रेषा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत छेदायला हव्यात. ड्रिल हळू आणि हाताची वर-खाली हालचाल जलद ठेवली तर कोन जमतो. क्रँक जागेवर असेल तर जर्नल फडक्याने आणि प्लास्टिकने घट्ट झाकून घ्या.

काम बिघडतं ते धुण्यात. डिझेल किंवा रॉकेलने दगडाची पूड रेषांमधून निघत नाही, आत बसते. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ताठ ब्रश. मग कोरडं करून पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून पुसा. फडकं राखाडी झालं तर परत धुवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते पांढरं राहतं, तेव्हा पुढे जा.

रिंगा चढवणं आणि बांधणी

प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये फटीसाठी तपासा. जुना लायनर असेल तर तळाशी, जिथे तो सर्वांत अरुंद आहे. ९७ मिमीला साधारण ०.३५ ते ०.४५ मिमी हवी. कमी असेल तर बारीक कानशीने बाहेरून आत घासा. फट फार कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग लायनरमध्ये रुतते आणि अटकते. थोडी जास्त फट परवडते.

खालून सुरुवात करा. ऑइल रिंगेच्या आतली स्प्रिंग आधी बसवा. तिचा जोड रिंगेच्या तोंडाच्या बरोबर विरुद्ध हवा. बाकी रिंगांवरची खूण, ‘टॉप’ किंवा ठिपका, वरच्या बाजूला. दुसरी रिंग निमुळती असते. उलटी बसली तर ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते आणि नव्या इंजिनाला पहिल्या दिवसापासून निळा धूर येतो. ही चूक हेड परत उतरवल्याशिवाय सापडत नाही, म्हणून चढवताना खूण मोठ्याने वाचा. एक्सपांडर (रिंग फाकवायचा चिमटा) वापरा, हाताने फाकवलेली रिंग पिरगळते. तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर, आणि गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) किंवा थ्रस्टच्या (पिस्टन लायनरवर दाबला जातो ती बाजू) रेषेत एकही नको.

पिस्टन आणि लायनरला ऑइल, बाण पुढच्या दिशेला, रिंग कॉम्प्रेसर (रिंगा दाबून धरणारा पट्टा) घट्ट आणि ब्लॉकला चिकटून. लाकडी दांड्याने हलके ठोके. पिस्टन अडला की थांबा. रिंग निसटून ब्लॉकच्या कडेवर आली आहे. अजून एक ठोका आणि ती तुटेल. बाहेर काढून परत लावा. प्रत्येक कॅप मॅन्युअलच्या टॉर्कला आवळल्यावर क्रँक हाताने फिरवा. एखाद्या पिस्टननंतर अचानक जड झाला तर दोष त्याच पिस्टनमध्ये आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

हेडचा पृष्ठभाग सरळपट्टीने तपासा, लायनर टाकले असतील तर त्यांची ब्लॉकवरची उंची मोजा. बोल्ट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत. मग टॅपेटची फट जुळवा.

पहिलं स्टार्टिंग आणि पहिले हजार किमी

डिझेल बंद ठेवून स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइलच्या काट्याने हालचाल दाखवेपर्यंत. मग डिझेलच्या लाइनमधली हवा काढून सुरू करा. स्लोवर सोडून चहाला जाऊ नका. स्लोवर सिलिंडरमधला दाब कमी असतो, रिंगा लायनरवर दाबल्या जात नाहीत आणि होनच्या रेषा घासून जाण्याऐवजी जळक्या ऑइलने भरून गुळगुळीत होतात. १००० ते १२०० आरपीएमवर गरम करा, गळती आणि तापमान पाहा, आणि गाडी रस्त्यावर काढा.

पहिले १००० किमी निम्मा ते पाऊण माल, १८०० आरपीएमच्या आत. चढावर गिअर लवकर उतरवा. इंजिन कण्हेपर्यंत वरच्या गिअरमध्ये ओढू नका. पण पूर्ण रिकामी गाडी फिरवणंही चुकीचं, रिंगांना बसायला दाब लागतो. सुरुवातीला थोडा निळा धूर दिसला तर घाबरू नका. ५०० किमीला ऑइल आणि फिल्टर बदला. पॅकिंगच्या प्रकाराला लागत असेल तर हेडचा टॉर्क आणि टॅपेट पुन्हा तपासा.

ऑइलचा खप परत मोजायचा तो २००० किमी झाल्यावर, त्याच मापाने, त्याच सपाट जागी, इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबल्यावर. आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा. खाली आला नसेल तर आधी एअर क्लीनरपासून इनटेकपर्यंतचा होज परत वाकवून पाहा.